दाखल्यावर काय लिहायचं? आमच्या घरातल्या तीन पिढ्या

नेवासकर

सर्वांना सलाम. हा धागा काढू की नको, यात महिना गेला. इथे ख्रिस्ती आहेत तसे इतरही आहेत. सगळ्यांनी लिहिलं तर बरं वाटेल.

मुलगी बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणते. गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या ओळखीतला एक जण घरी आला. चहा झाल्यावर म्हणाला, "दाजी, तुमच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. तेवढा कागद पुढे करायचा, अनुसूचित जातीचा दाखला निघतो. पुढचं मी बघतो. पडताळणीवाले घरी आले तर भिंतीवरचा क्रूस चार दिवस पेटीत ठेवा." माणूस वाईट नाही. त्याने स्वतःच्या भाच्यांसाठी हेच केलंय आणि ती पोरं आज नोकरीला आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातींची यादी 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली, आणि त्यात हिंदूच मोजले गेले. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध (महाराष्ट्रात राज्याच्या सवलती बौद्धांना त्याआधीपासूनच होत्या). ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. इतर प्रवर्गांचं काय, ते ज्याने त्याने सेतू केंद्रात विचारावं. मी फक्त या एका दाखल्याबद्दल बोलतोय.

माझा आजा सालगडी होता. त्याने बाप्तिस्मा घेतला तो चांगल्या पाऊसपाण्याच्या साली. हे मुद्दाम सांगतो, कारण 'पोटासाठी बाटले' हे ऐकतच मी शाळा शिकलो. आजाचा सख्खा धाकटा भाऊ 1956 नंतर बौद्ध झाला. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. गावाने दोघांनाही पाणी वरून वाढलं, दोघांच्याही बायका एकाच लांबच्या विहिरीवर गेल्या. कागदावर मात्र एक घर दलित आणि दुसरं नाही.

1989 साली मी दहावी झालो. वडील मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. मला घेऊन कचेरीत गेले. तिथला कारकून भला होता, आवाज खाली करून म्हणाला, "हिंदू लिहा, पोराचं कल्याण होईल." वडील म्हणाले, "साहेब, रविवारी मी पहिल्या बाकावर बसतो. सोमवारी तुमच्यापुढे उभं राहून तो मी नव्हेच म्हणू?" मला डिप्लोमाची जागा मिळाली नाही. चुलत भावाला मिळाली, आणि त्याचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते. त्याला दोष नाही, त्याचा हक्कच होता तो. मी आयटीआय केला. वडलांनी म्हैस विकून मला हत्यारं घेऊन दिली. त्यातल्या दोन पकडी अजून दुकानात आहेत. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं.

वडलांशी मी कित्येक वर्षं कामापुरतंच बोललो. ते 2021 च्या मे महिन्यात गेले. त्याआधीच्या वर्षी टाळेबंदीत दुकान चार महिने बंद होतं. पतसंस्थेचं कर्ज तेव्हापासूनचं आहे, अजून फिटलेलं नाही.

त्या माणसाला मी नाही म्हणालो. मुलगी आत स्वयंपाकघरात ऐकत होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता प्रश्न. खरं बोलावं की नाही, हे मी विचारत नाही, ते मला ठाऊक आहे. पण वडलांचा निर्णय वडलांचा होता आणि किंमत मी भरली. माझा निर्णय माझा आहे, मग किंमत तिने का भरायची? माझ्या विश्वासाचं बिल लेकरांच्या नावावर फाडायचा अधिकार मला आहे का?

शांतवन

दादा, वाचून गप्प बसून राहिले. प्रार्थनेत तुमच्या घराची आठवण ठेवते.

कायद्याचा_विद्यार्थी

काका, एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण लोक 'सगळेच करतात' म्हणून बिनधास्त राहतात. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात निकाल दिला. प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे उद्या पोरगी नोकरीला लागल्यावर कुणी तक्रार केली, तर दाखला, नोकरी, सगळंच धोक्यात.

पण मला स्वतःला या युक्तिवादाने समाधान होत नाही. पकडले जाऊ म्हणून खरं बोलायचं, यात सचोटी कुठली? आणि कायदा आज जसा आहे तसा तो न्याय्य आहे, असंही मला वाटत नाही. 2007 साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा म्हणून सांगितलं होतं. 2022 साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. अनुसूचित जमातींना ही अट नाही. नंदुरबारचा भिल्ल ख्रिस्ती झाला तरी भिल्लच राहतो. आमच्या बाबतीत मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघाली असं सरकार धरून चालतं. गाव तसं धरत नाही. जातीवरून शिवी दिली तर अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही आम्हाला नाही. शिवी मात्र तीच.

वसईची_लेक

नेवासकर, आमच्याकडे वसईत हा प्रश्न या रूपात आलाच नाही. आमचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, जमिनी होत्या, वाड्या होत्या. त्यामुळे मी 'खरं लिहा, देव बघेल' असं म्हटलं तर ते माझ्या तोंडी फार स्वस्त पडेल. तेवढंच सांगायला आले. वाचते आहे.

बिननावाची

हे लिहिण्यासाठी नवा आयडी घेतला.

आमच्या घराने तो कागद पुढे केला होता. मी त्यावरच शिकले आणि आज शिक्षिका आहे. लग्न नोंदणी कार्यालयात केलं, कारण चर्चच्या रजिस्टरमध्ये सही नको. मुलांचा बाप्तिस्मा झालेला नाही. पडताळणीच्या वेळी दक्षता पथकाचे लोक घरी येणार म्हणून आईने भिंतीवरची वचनं उतरवली होती. भिंतीवर चौकोनी पांढरे डाग राहिले, म्हणून तिथे कॅलेंडर लावलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ते डाग मला अजून दिसतात.

मी चर्चला जाते. शेवटच्या बाकावर बसते. प्रभुभोजन घेत नाही. पाळकसाहेबांनी कधी विचारलं नाही, बहुतेक त्यांना माहीत असावं. उत्तम शुक्रवारी पेत्राचा भाग वाचतात, तो येशूला ओळखत नाही म्हणतो आणि कोंबडा आरवतो तो, तेव्हा मी मान वर करत नाही.

पण हेही खरं की माझ्या पगारावर दोन भाऊ शिकले आणि आईचं ऑपरेशन झालं. आईला मी दोष देऊ शकत नाही. दादा, तुम्ही विचारता मुलांनी किंमत का भरायची. मी दुसऱ्या बाजूची आहे. इथेही किंमत मुलांनीच भरली.

नेवासकर

ताई, तुम्ही लिहिलंत, आभार. तुमच्याबद्दल माझ्या मनात वावगं काही नाही. मी हा धागा कुणाला दोषी ठरवायला काढलेला नाही.

पाळकीणबाई

बिननावाची, लेकरा, तुझ्यासाठी लिहिते.

जुन्या करारात नामान नावाचा अरामी सेनापती येतो, कुष्ठरोगातून बरा झालेला. 2 राजे, पाचवा अध्याय. बरा झाल्यावर तो म्हणतो की यापुढे मी एकाच देवाची भक्ती करीन. पण लगेच त्याला त्याची अडचण आठवते. त्याचा राजा रिम्मोनच्या देवळात जाऊन नमन करताना त्याच्या हातावर भार देतो, तेव्हा नामानलाही वाकावं लागणार. तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, एवढ्या गोष्टीची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही, 'शाब्बास' म्हणत नाही, धमकीही देत नाही. फक्त 'शांतीने जा' म्हणतो.

चाळीस वर्षं मी पाळकांच्या घरात काढली. हा भाग उपासनेत फार कमी वाचला जातो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी गेहजी आहे, अलीशाचा चाकर. चांदीसाठी तो नामानपुढे खोटं बोलला, मग धन्यापुढेही खोटं बोलला, आणि नामानचा रोग त्याला चिकटला. दोन्ही माणसं एकाच पानावर आहेत. नामानने आपली लाचारी उघडी करून दाखवली, गेहजीने आपली हाव झाकली. तू आज इथे जे लिहिलंस ते कोणासारखं आहे, तूच बघ. मला विचारशील तर एकदा तुझ्या पाळकांच्या घरी जा. रजिस्टरमध्ये नाव घालायला नव्हे, नुसतं सांगायला.

जुना_वाचक

नेवासकरांच्या प्रश्नावर मला पंडिता रमाबाईंचं घर आठवतं. किंमत कोणी भरली, हे त्या घराइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

सुरुवात रमाबाईंच्या वडलांपासून. अनंतशास्त्री डोंगरे ब्राह्मण, वेदांवर श्रद्धा असलेले. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. यावरून धर्मपंडितांपुढे उत्तर द्यावं लागलं, गावातलं राहणं सुटलं, गंगामूळच्या जंगलात घर केलं. तिथे 1858 साली रमाबाई जन्मल्या. पुढे सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. उरले रमा आणि भाऊ. भाऊही 1880 साली गेला. आता या माणसाला काय म्हणायचं? त्याच्या तत्त्वापायी घरदार उपाशी मेलं असंही म्हणता येईल. पण त्याने बायकोला जे संस्कृत शिकवलं ते तिने लेकीच्या तोंडी घातलं, आणि त्यावर कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. तिला भूक आणि विद्या एकाच घरातून मिळाली.

नवरा 1882 साली वारला, पदरी तान्ही मनोरमा. 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, पण ऐकू कमी येत होतं म्हणून ते जमलं नाही. वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. इथे मला त्या फार मोठ्या वाटतात. ज्या भगिनींच्या मठात राहत होत्या, ज्यांचं खात होत्या, त्यांच्याशीच वाद घातला. शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं असावीत असा आग्रह धरला. मनाला पटल्याशिवाय कुठलंही मत मान्य करणार नाही, असं तिथल्या धर्माधिकाऱ्यांना लिहून कळवलं. इकडे पुण्यात लोक म्हणत होते धर्म विकला, आणि तिकडे चर्चचे लोक म्हणत होते हट्टी आहे.

1897 साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या सरकारी इस्पितळात मुलीबाळींची जी परवड होत होती, त्याबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या मिशनऱ्यांच्या पत्रात उघडपणे लिहिलं. सरकार ख्रिस्ती, आपण ख्रिस्ती, संस्था सरकारच्या मर्जीवर. गप्प बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं. सरकारने आरोप चुकीचे ठरवले.

नेवासकर, त्यांच्या लेकीनेही किंमत भरलीच. लहानपण बरंचसं आईपासून लांब गेलं. मोठी झाल्यावर आईच्याच कामात उतरली, केडगावला अंधांसाठी शिक्षण सुरू केलं (दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे). 1921 साली आईच्या आधी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये. तिने हे सगळं खुशीने केलं की नाही, हे आईच्या कीर्तीवरून ठरवू नये असं मला वाटतं.

गावकुस

जुना_वाचक, आदर आहे, पण थांबा. रमाबाईंकडे सत्ता नव्हती हे मान्य. जन्माची पत होती. ब्राह्मण बाई ख्रिस्ती झाली म्हणून देशभर वर्तमानपत्रं पेटली. आमचा पणजा ख्रिस्ती झाला तेव्हा गावातलं कुत्रंही भुंकलं नाही. त्याने कुणाला पत्र लिहायचं होतं? नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 सालापासून आहे. बाप्तिस्मा घेणारे पुढे बहुतेक महार-मांगच, पण पुस्तकं कोणाची निघाली ते बघा.

दुसरं, 1893 चं शारदा सदन प्रकरण (रमाबाईंच्या मुलींच्या शाळेचं) तुम्ही गाळलंत. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत, मुली येऊन बसत. पालक चिडले, मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शब्द दिला होता ना? मग ही सचोटी की आणखी काही?

जुना_वाचक

गाळायला नको होतं, बरोबर आहे तुमचं. माझं मत असं की त्यांनी आपला विश्वास लपवला नाही, हे ठीक. स्वतःच्या खोलीचं दार का लावायचं, हा त्यांचा प्रश्नही खरा. पण विधवा, लहान, निराधार मुलींच्या बाबतीत 'दार उघडं होतं, त्या आपणहून आल्या' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. पालकांचा राग सगळाच कर्मठपणाचा नव्हता. रानडे-भांडारकर तर तिचे मित्रच.

जन्माची पत, हे तुम्ही म्हणता ते मी विचारात घेतलं नव्हतं. घेतो.

धम्ममित्र

मी बौद्ध आहे. नेवासकरांच्या भिंतीपलीकडच्या घरातला समजा. 1990 च्या आधी केंद्राच्या नोकरीसाठी आमच्यातल्या कितीतरी घरांनी 'हिंदू महार' असंच लिहिलं होतं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि कागदावर हिंदू. माझ्या वडलांनी तेच केलं. ते सांगताना ते नेहमी दुसरीकडे बघत. त्यामुळे बिननावाची यांची पोस्ट मला आमच्या घरातली वाटली. तुमची मागणी न्यायाची आहे, आम्ही सोबत असायला हवं.

गावकुस

धम्ममित्र, जयभीम.

एक आणखी सांगतो, ख्रिस्ती मंडळींनी रागावू नये. दाखल्यावर 'ख्रिस्ती' लिहिणारे आपण, मुलगी बघताना 'पूर्वीचे कोण?' असं विचारतोच की नाही? महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती, अजून वेगवेगळे बाक. माझ्या बहिणीचं लग्न यावर मोडलं, आणि मोडणारे मंडळीचे पंच होते. सरकार म्हणतं जात गेली, ते खोटं. आपण रविवारी म्हणतो जात गेली, तेही खोटंच. तिथेही खरं लिहायला शिका.

पाळकीणबाई

गावकुस, हे मी नाकारू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे, आणि तेव्हा मी बोलले नाही.

रूथ_२००४

नेवासकर काका, मी तुमच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. सगळा धागा दोनदा वाचला. अनंतशास्त्री, रमाबाई, तुमचे वडील, तुम्ही, बिननावाची ताईंची आई, सगळ्यांनी मुलांसाठी ठरवलं. एकदाही कुणी मुलांना विचारलं असं दिसत नाही.

तुम्ही त्या माणसाला नाही म्हणालात तेव्हा ती आत होती. तुम्ही तिला बाहेर बोलावलंत का? ती अठरा वर्षांची असेल. कदाचित ती दाखल्यावरून रागावलेलीच नाही.

नेवासकर

बाळा, नाही बोलावलं. मला सुचलंच नाही. माझ्या वडलांनीही कचेरीत माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी शेजारी उभा होतो, त्यांच्या खांद्याला लागून.

शांतवन

रूथ, तुझं अगदी पटलं.

दादा, राज्य सरकारच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला लागेल, तो आधीच काढून ठेवा. ऐन वेळी सर्व्हर बंद असतो. माझ्या पुतणीचे त्यात पंधरा दिवस गेले.

बिननावाची

पाळकीणबाई, गेल्या गुरुवारी गेले होते. पाळकसाहेबांच्या पत्नीने दार उघडलं. साहेब बाहेरगावी होते. तिला काही सांगितलं नाही, पाणी पिऊन आले. परत जाईन.

नेवासकर

सगळ्यांना सलाम. चार दिवस लिहिलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मुलीला सगळं सांगितलं. आजाचं, भिंतीचं, 1989 चं, म्हशीचं. म्हशीचं तिला माहीतच नव्हतं. पकडी आणून दाखवल्या. मग हा धागा तिच्या हातात दिला. तिने तासभर वाचला. बिननावाची यांच्या पोस्टपाशी बराच वेळ थांबली होती.

मी म्हणालो, माझं मत तुला ठाऊक आहे, ते बदलणार नाही. त्या माणसाला मी घरात परत बोलावणार नाही. पण तू आता सज्ञान आहेस. फॉर्म तुझा, सही तुझी. तुला जे लिहावंसं वाटेल ते लिही. तू काहीही लिहिलंस तरी तू माझी लेक, आणि तुझ्या फीसाठी मी कर्ज काढणारच.

हे शेवटचं बोलायला मला फार जड गेलं. बायको म्हणाली, असं कसं मोकळं सोडता. रात्रभर झोप नाही. प्रार्थनेला बसलो, पण शब्द आले नाहीत, नुसता बसून राहिलो.

काल संध्याकाळी ती दुकानात आली. खूप दिवसांनी. स्टुलावर बसून एका पंपाची वाइंडिंग बघत होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही आजोबांशी बोलत नव्हता ते त्यांना कळत होतं का?" मी म्हणालो, कळत असावं. मग तीही काही बोलली नाही आणि मीही नाही. जाताना कागदांची पिशवी मागून घेतली.

उद्या दहाला सेतू केंद्रात जाणार आहे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आणि बाकीच्यासाठी. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाली एकटी जाते. मी दुकानात असेन.